कापसाचा बोळा

अकोला, कार्तिक वद्य ३, शके १७८६

तीर्थरूप मामाजी, तुमच्या पायांवर डोके ठेवून लिहितो.

तुळशीचे लग्न लागले की पहिल्याच मुहूर्ताचे एक लग्न वाजवून ये, आणि लगेच परत फीर, असे बजावून तुम्ही मला अकोल्याला धाडले. लग्न झाले, वऱ्हाड गेले, नवरी नांदायलाही लागली, आणि मी अजून इथेच आहे. रागावायच्या आधी कारण ऐका.

इथे कापसाशिवाय दुसरी गोष्ट नाही. अकोटाकडून, दर्यापुराकडून गाड्या येतात त्या संपतच नाहीत. काल ज्याच्या पायात वहाण नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदी चढवतो. एका मांडवात तीन तीन ताफे बसवतात आणि सगळ्यांना एकदम वाजवायला लावतात. कोण काय वाजवतो हे देवालाही कळत नसेल. तशा त्या गोंगाटात बापूसाहेब या कापसाच्या आडत्यांनी आपली सनई नेमकी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वाड्यावर बोलावले.

त्यांची बायको गोदाबाई खाटेवर आहे. श्रावणात पोटचे मूल गेले, तेव्हापासून ताप आणि अशक्तपणा. माहेर कौंडण्यपूरचे. जत्रेतली सनई ऐकत वाढलेली बाई, आता तेवढीच एक इच्छा राहिली आहे म्हणते. बापूसाहेब मला म्हणाले, "जयवंता, गल्लीत कोणीई वाजवते. बाईच्या खोलीत वाजवता येते का, ते सांग. तिले गाड्याइचा आवाज सोसत नाही, मंग तुह्या सनईचा कसा सोसंन?"

मी म्हटले, सोसेल असे वाजवतो. ती उठून बसेपर्यंत सकाळ-संध्याकाळ वाजवीन, असा शब्द देऊन बसलो. मागे अखंड सूर धरायला आपला खुशाल आहे, टिमकी वाजवायला पंजाब. आम्ही तिघेच.

तुमची आज्ञा असावी. घरची मंडळी बरी असतील. दिवस भरत आले असतील म्हणून विचारले. याहून जास्त लिहिणे जावयाला शोभत नाही.

तुमचा जयवंता

*

अमरावती, कार्तिक वद्य ११

जयवंता, आशीर्वाद आहे, पण तो आज ओठांतून नीट निघत नाही.

आधी गोड बातमी. परवा पहाटे सुभद्राला मुलगी झाली. गंगूबाई सुईण म्हणते, नाक तुझे आहे. बिचारीचे नशीब. सुयेर फिटेपर्यंत सनईला हात लावू नकोस.

आता दुसरे. तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला मी वाढवले, हातात सनई दिली, पुढे लेकही दिली. एवढे करून तुला एक गोष्ट शिकवायची राहिली असे दिसते. सनई देवापुढे वाजते, मांडवात वाजते, पाळण्याशी वाजते. दुखणाईताच्या खाटेशी ती वाजत नाही. खाटेचे काय होईल कोणाला ठाऊक? उद्या ती बाई तुझ्या सुरांत गेली, तर ती सनई कोण नवरदेव आपल्या दारात उभी करील? देवीचा पुजारी तरी तिला नगारखान्यात चढू देईल का? शेटजीच्या हौसेला आपले घराणे लावू नकोस.

शब्द दिला आहेस तर तो मोडायला मी सांगत नाही. शब्द मोडणारा मला त्याहून नको. पण नीट ऐक. त्या खोलीत गेलेली सनई माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. तू ये, सनई वेशीबाहेर टाकून ये.

नगारखान्यात तुझ्यामागे सूर धरायला कोणी नाही. नवा मनुष्य पाहिला, पण तो माझ्या आधी तोंड काढतो. मुख्य सनई खाली बसल्याशिवाय सूर थांबायचा नाही, गालात हवा भरून ठेवायची आणि नाकाने श्वास घ्यायचा, हे तुला सात वर्षांचा असताना येत होते. मी आता एकटाच पाळी उरकतो. बिनसुराची सनई कशी वाटते ते तुला सांगायला नको.

नत्थुजी

*

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ६

तीर्थरूप मामाजी,

पत्र वाचून आधी नाचलो, मग रडलो, मग तुमच्या शिव्या पुन्हा एकदा वाचल्या. मुलगी झाली! बापूसाहेबांनी साऱ्या वाड्याला पेढे वाटले. नाक माझे असले तरी गळा तुमच्या घराण्याचा असेल, म्हणजे फिटंफाट झाली.

सुयेर होते तेवढे दिवस मी खोलीबाहेर बसलो. आत खुशालने एकट्याने नुसता सूर धरला. मला वाटले, बाई कंटाळतील. त्या म्हणाल्या, "एवढाच राहू द्या. याच्यावर डोकं टेकता येते." मामाजी, आपण इतकी वर्षे सुरावर सनई वाजवली, पण नुसत्या सुरावर कोणी डोके टेकत असेल असे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

तुम्ही खाटेला भिता. मी तुम्हाला उलट सांगतो. बाई बऱ्या होत आहेत. पहिल्या दिवशी त्यांना कूस बदलता येत नव्हती. आता उशीला टेकून बसतात. पेज घेतात. सारा अकोला म्हणतो, वैद्यांना जमले नाही ते सनईने केले. हातच्या काकणाला आरसा कशाला? एकदा येऊन पाहा.

एक विनंती. बारसे अजून झाले नसेल तर थांबवा. माझ्या मुलीच्या पाळण्याशी सनई दुसऱ्या कोणी वाजवायची नाही. बाई चालू लागल्या की मी मोकळा. सनई वेशीबाहेर टाकायची की कुठे, ते तेव्हा भांडून ठरवू.

जयवंता

*

अमरावती, मार्गशीर्ष वद्य २

जयवंता,

बारसे थांबवले आहे. नाव नसलेली मुलगी घरात सगळ्यांना "ए बाई" झाली आहे.

सुभद्राला कसर आहे. अंग तापते, उतरते. बाळंतिणीला असते असे गंगूबाई म्हणते. शेकशेगडी, काढा चालू आहे. दर्यापूरचा वैद्य चांगला, पण त्याला आणायला गाडी मिळेना. ज्याला विचारावे त्याची गाडी कापसाला लागलेली. जिवंत माणूस न्यायला गाडी नाही आणि कापूस न्यायला रांगा, असे दिवस आले आहेत. पायी निरोप धाडला आहे. काळजीचे कारण नाही.

तुला बोलावून घेतो असे मी म्हटले, तर ती म्हणाली, "बावा, त्याईले काही कळवू नोका. तथी बाई खाटेवर हाय. तिचा सूर मधीच काहून तोडता?" म्हणून हे एवढेच लिहिले आहे, आणि तेही तिला न सांगता.

तू लिहितोस, ती गोदाबाई सनईने बरी होते आहे. खरे का हे? तू लहानपणापासून जरा वाढवून सांगणारा आहेस, म्हणून विचारतो. खोलीत सनई वाजवतोस तर ती कानाला बोचत कशी नाही? आपले वाद्य मैदानाचे. मला आपले कुतूहल आहे, दुसरे काही नाही.

नत्थुजी

*

अकोला, मार्गशीर्ष वद्य १०

तीर्थरूप मामाजी,

तुम्ही मला सनईबद्दल विचारता! खुशालला पत्र दाखवले तर तो म्हणतो, हे नत्थुजींचे अक्षर नव्हेच. शेवटी गुरू शिष्याला विचारू लागला, आता मी मेलो तरी चालेल.

ऐका तर. सनईच्या खालच्या तोंडात कापसाचा बोळा घालायचा. सरकी काढलेला, मऊ पिंजलेला हवा. घट्ट कोंबायचा नाही, बोट जाईल इतकी फट ठेवायची. सारे जग कापसामागे वेडे झाले आहे, पण त्याचा खरा उपयोग मीच शोधून काढला असेन. दुसरे, ओठांत धरायची पत्ती नवी घ्यायची नाही. जुनी, मऊ पडलेली घ्यायची आणि तोंडात बराच वेळ भिजवायची. फुंकायचे नाही, नुसता श्वास सोडायचा. पंजाब टिमकीवर घोंगडीचा तुकडा टाकून बोटांनी वाजवतो. असे केले म्हणजे सनई वाजत नाही, मामाजी, बोलते. आणि बोलते तीही कानाशी येऊन.

बरे होण्याचे विचाराल तर शंका नको. परवा बाई खाटेवरून पाय खाली सोडून बसल्या. मी वाजवत असताना त्या आता ओठ मिटून सूर गुणगुणतात. ते ऐकले आणि आपल्या घरच्या तालमी आठवल्या. आपण पडवीत बसायचो आणि चुलीपुढून कोणीतरी बारीक सूर धरायचे. मी चुकलो की तो सूर हसायचा. कोण ते मी लिहीत नाही.

बाळंतपणाची कसर म्हणता ती डिंकाने, खारकेने निघेल. इथून उत्तम डिंक पाठवतो आहे. माझे इथले पौषापर्यंत आटपेल.

जयवंता

*

अमरावती, पौष शुद्ध ३

जयवंता,

डिंक पोचला.

पुढील गोष्टी लौकर कळव. खाटेपासून किती दूर बसतोस? डोक्याशी की पायाशी? ताप भरलेला असताना वाजवतोस की उतरल्यावर? बाई डोळे मिटून पडली असली, हाक मारून ओ देत नसली, तरी वाजवायचे का? बाळंतीण असली तर चालेल का? सूर धरायला दुसरा मनुष्य नसला, तर एकट्या सनईने गुण येतो का?

दर्यापूरचा वैद्य येऊन गेला. मात्रा दिली. गंगूबाई कॅम्पातल्या साहेबाच्या डॉक्टराचे नाव काढत होती. मी म्हटले, बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष, तोही साहेब, कशाला? अकोल्यात त्याच्यावाचून बाई उठून बसली आहे.

मुलगी बरी आहे. गंगूबाई तिला दुसऱ्या एका बाळंतिणीकडे नेऊन पाजून आणते.

उत्तर गाडीवाल्याच्या हाती दे. टपालाची वाट पाहू नकोस.

नत्थुजी

*

अकोला, पौष शुद्ध ८

तीर्थरूप मामाजी,

तुमचे पत्र कालच आले आणि उत्तर कापसाच्या गाडीबरोबर धाडतो आहे. किती हो प्रश्न! मी ओळखले. अमरावतीच्या कोण्या शेटाच्या घरी तुम्हालाही असेच बोलावणे आले आहे आणि मला सांगायला लाजता आहात. बाळंतीण आहे ना त्या घरी? सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही म्हणतात, इथे तर शिष्याने टोचले. जा, खुशाल वाजवा. डोक्याशी बसा, हातभर अंतरावर. ताप असला तरी वाजवा. डोळे मिटलेले असले तरी कान मिटत नाहीत. सूर धरायला कोणी नसेल तर घरातल्याच कोणाला नुसते गुणगुणायला सांगा, तेवढेही पुरते.

आता माझी बातमी. गोदाबाई चालल्या! काठी टेकीत तुळशीपर्यंत गेल्या आणि आम्ही तिघे मागून वाजवत गेलो. बापूसाहेबांनी मला मिठी मारली. आज शब्दातून सुटलो.

खरे सांगायचे तर श्रेय सगळेच माझे नाही. इथल्या साहेबाचा डॉक्टर पहिल्यापासून एक दिवसाआड येत होता. पडदा धरून मधून हात तपासायचा आणि शिशीतले कडू औषध द्यायचा. बाई ते घ्यायच्या नाहीत, म्हणून बापूसाहेबांनी युक्ती काढली होती की औषध घेतले तरच सनई सुरू होईल. हे मी आधी लिहिले नाही. तुम्ही आधीच रागात होता. त्यात डॉक्टराचे नाव आले असते तर म्हणाला असता, मग तुझ्या सनईची गरज काय होती? आता तुमचाच राग गेला आहे, म्हणून सांगून टाकले.

मी इथे एक खोली पाहून ठेवली आहे. मागे विहीर आहे, पुढे कडुनिंब. पाळण्याला आढ्यात कडीही मारून घेतली. बारसे करू आणि दोघींना घेऊन येईन. तुम्हीही या. सनई वेशीबाहेर टाकायला सांगणार नाही ना आता?

पौर्णिमेच्या आत निघतो. घरात सांगा. आज पहिल्यांदा लिहितो, रागावू नका: सुभद्राला सांगा.

जयवंता

*

अमरावती, पौष शुद्ध १३

जयवंता,

तुझे पत्र काल दुपारी आले. सुभद्रा त्याच्या आदल्या दिवशी गेली.

मला पाल्हाळ येत नाही. कसे झाले तेवढे लिहितो. तू वाटेत असशील, तर हे पत्र तुला अकोल्यात सापडणार नाही आणि तू हसत दारात उभा राहशील. म्हणून याची एक प्रत मूर्तिजापूरच्या सराईत ठेवायला गाडीवाल्याला दिली आहे. अकोल्याहून निघालेला तिथे उतरतोच.

तुझ्या त्या आधीच्या पत्रात होते तसे सगळे केले. कापूस गंगूबाईने पिंजून दिला. जुनी पत्ती काढली, तीच, ज्यावर तुला पहिले धडे दिले. मी, ज्याने तुला उंबरा बंद केला होता, तोच खाटेच्या डोक्याशी जाऊन बसलो. सनई हातात पाहून ती हसली. म्हणाली, "बावा, तुमी? अथी?" मी म्हटले, अकोल्याच्या बाईला गुण आला, तुलाही येईल. ती म्हणाली, "मंग वाजवा. सूर मी धरते."

चार दिवस वाजवले. ती सूर धरायची. पहिल्या दिवशी ताप उतरला आणि तिने पेज मागितली. मला वाटले, पोराचे खरे ठरले. देवीला नारळ फोडून आलो. गंगूबाई पुन्हा म्हणाली, डॉक्टर आणू. मी तिच्या अंगावर ओरडलो. कॅम्प काही दूर नाही. मी सनई फुंकत होतो त्या वेळात दोनदा जाऊन आलो असतो.

चवथ्या दिवशी सकाळी बसलो. ती डोळे मिटूनच होती, पण सूर धरला. अगदी बारीक, मुलीला निजवताना धरावा तसा. मी डोळे मिटून घेतले. मध्येच सूर ऐकू येईना. मला वाटले, श्वास घेत असेल. नाकाने श्वास घेऊनही सूर तुटू द्यायचा नाही, हे तिला मी कधी शिकवलेच नव्हते; ते मुलांना शिकवतात. म्हणून थांबलो नाही. मुख्य सनई खाली बसल्याशिवाय सूर थांबत नाही, हा माझाच नियम. मी वाजवतो आहे तोवर ती सूर पुन्हा धरील असे वाटत राहिले. म्हणून सनई खाली ठेवायची मला भीती वाटली. गंगूबाईने येऊन माझ्या हातातून ती काढून घेतली.

लोक बोलू लागले आहेत. बापाने लेकीच्या मरणावर सनई वाजवली म्हणतात. पुजाऱ्याने निरोप धाडला आहे की सध्या नगारखान्यात चढू नका. त्याचे चूक नाही. मीच तुला हे सांगितले होते.

तुझ्यावर राग धरावा असे रात्रभर मनात आले. डॉक्टर येत होता हे तू कार्तिकात लिहिले असतेस तर. मग मनात आले, तिच्या दुखण्याचे खरे मी मार्गशीर्षात लिहिले असते तर. तू मला सनईची बढाई लिहिलीस आणि मी तुला काळजी नसल्याची. दोघांनीही आपापली बाजू सांभाळली. तिची कोणीच सांभाळली नाही. मला तुझ्याशी भांडायचे बळ नाही, जयवंता. माझी लेक गेली.

तुझे शेवटचे पत्र मी तिच्या खाटेपाशी बसून मोठ्याने वाचले. खाट रिकामी होती, तरी वाचले. सुभद्राला सांगा, असे लिहिले होतेस, म्हणून.

मुलगी बरी आहे. रडायला लागली की मी तिला मांडीवर घेऊन नुसता सूर धरतो, तोंडानेच. गप्प होते. तिचे बारसे राहिले आहे.

ये. सनई टाकू नकोस, घेऊन ये. उंबरा मीच ओलांडला, आता तुला कोणत्या तोंडाने अडवू? वेशीतून आत येतानाच वाजवत ये, गावाला काय म्हणायचे ते म्हणू दे. फक्त सनईच्या तोंडातला बोळा काढून टाक. इथे आता हळू वाजवायचे काही कारण उरलेले नाही.

नत्थुजी